एच-वन-बी नवरा, एच-फोर बायको: पहिल्याच वर्षी जॉइंट रिटर्न भरता येतं का?

पेठेतला_पाहुणा · १६ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी. यावर आधी धागा निघाला असेल तर दुवा द्या, मला शोधून सापडला नाही.

आमची परिस्थिती अशी. मी २४ सप्टेंबर २०२४ ला एच-वन-बीवर (नोकरीचा व्हिसा) न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो, १ ऑक्टोबरपासून नोकरी सुरू झाली. बायको १९ डिसेंबरला एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा) आली. पुण्यातली तिची नोकरी नोव्हेंबरअखेरपर्यंत होती. तिला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही. माझा इथला तीन महिन्यांचा पगार धरा २७ हजार डॉलर, त्यातून फेडरल टॅक्स जवळजवळ चार हजार कापला गेलाय. जानेवारी ते सप्टेंबर मी पुण्यात नोकरी करत होतो, त्यावर तिकडे टीडीएस कापलेला आहे.

ऑफिसात एक जण म्हणतो जॉइंट (दोघांचं मिळून एकच रिटर्न) भर, सगळा टॅक्स परत मिळतो. दुसरा म्हणतो पहिल्या वर्षी १०४०-एनआरच (नॉन-रेसिडेंटचा रिटर्न फॉर्म) भरावा लागतो, जॉइंटचा प्रश्नच येत नाही. तिसऱ्याने एका एजंटचा नंबर दिला. त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "किती रिफंड पाहिजे?" मी फोन ठेवला.

कोणी या चक्रातून गेलं असेल तर कृपया नीट सांगा. घाई नाही, १५ एप्रिलला वेळ आहे.

उंटावरचा_शहाणा · १६ फेब्रुवारी

भाऊ, सरळ सिंगल म्हणून भर आणि मोकळा हो. बायको डिसेंबरच्या शेवटी आली, कोण विचारतंय.

हिशेबतपासनीस · १६ फेब्रुवारी

वरचा सल्ला अजिबात ऐकू नका. ३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं असेल तर त्या अख्ख्या वर्षासाठी तुम्ही विवाहित. बायको एडिसनला होती की सातारला, याने फरक पडत नाही. १०४०-एनआरवर सिंगल लिहायची सवलत काही ठरावीक देशांच्या रहिवाशांना, तीही वेगळं राहत असतील तर आहे. कॅनडा, मेक्सिको, दक्षिण कोरिया. भारत त्यात नाही.

आता मूळ प्रश्न. टॅक्ससाठी रेसिडेंट कोण, हे तुमच्यासारख्यांचं व्हिसावरून नाही, दिवसांवरून ठरतं. चालू वर्षात किमान ३१ दिवस इथे असायला हवेत, शिवाय चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याच्या आदल्या वर्षाचे एक षष्ठांश मिळून १८३ भरायला हवेत. २४ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर तुमचे ९९ दिवस झाले. १८३ नाहीत. म्हणजे २०२४ साठी तुम्ही नॉन-रेसिडेंट, बायको तर आहेच. दोघंही नॉन-रेसिडेंट असताना जॉइंट भरता येत नाही. ऑफिसातला दुसरा माणूस इथपर्यंत बरोबर आहे.

पण पहिलाही पूर्ण चुकीचा नाही. 'फर्स्ट इयर चॉइस' नावाची एक सोय आहे. सलग ३१ दिवस इथे होतात आणि त्या ३१ दिवसांच्या सुरुवातीपासून वर्षअखेरपर्यंत किमान ७५ टक्के दिवस इथे होतात, तर २०२४ च्या त्या तुकड्यापुरतं तुम्ही स्वतःला रेसिडेंट म्हणवून घेऊ शकता. अट एवढीच की २०२५ ची १८३ दिवसांची परीक्षा आधी पास व्हायची. तुमच्या ९९ चे एक तृतीयांश ३३, म्हणजे २०२५ मध्ये १५० दिवस लागतील. मधे भारतात गेला नाहीत तर ३० मेला ते भरतात. त्याआधी हा चॉइस घेऊन रिटर्न पाठवता येत नाही.

म्हणून १५ एप्रिलच्या आत फॉर्म ४८६८ भरून मुदतवाढ घ्यायची. ती १५ ऑक्टोबरपर्यंत मिळते.

एकदा तुम्ही वर्षअखेरीला रेसिडेंट ठरलात की कलम ६०१३-जी लागू होतं. नवरा-बायकोतला एक वर्षअखेरीला रेसिडेंट असेल तर दुसऱ्या नॉन-रेसिडेंटलाही अख्ख्या वर्षासाठी रेसिडेंट धरून दोघांना मिळून रिटर्न भरता येतं. दोघांच्या सहीचं निवेदन जोडायचं. हे निवेदन वेगळं आणि फर्स्ट इयर चॉइसचं वेगळं. एकच कागद जोडून मोकळे होणारे बरेच पाहिलेत.

पेठेतला_पाहुणा · १६ फेब्रुवारी

बापरे. एवढ्या खटाटोपाने मिळतं किती?

हिशेबतपासनीस · १७ फेब्रुवारी

साध्या गणिताने. १०४०-एनआरवर विवाहित, वेगळं रिटर्न. स्टँडर्ड डिडक्शन नाही. (भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कराराच्या कलम २१ मुळे ते मिळतं, नोकरदाराला नाही.) २०२४ च्या दरांनी २७ हजारांतले पहिले ११,६०० दहा टक्क्यांनी, उरलेले १५,४०० बारा टक्क्यांनी. १,१६० अधिक १,८४८, मिळून ३,००८ डॉलर. राज्याला भरलेला टॅक्स वजा धरता येतो, त्याने थोडं उतरेल.

जॉइंटमध्ये स्टँडर्ड डिडक्शन २९,२००. इथला पगार त्याच्या आतच संपतो, फेडरल टॅक्स शून्य. म्हणजे फरक तीन हजारांच्या आसपास.

पण इथेच मेख आहे. अख्ख्या वर्षासाठी रेसिडेंट झालात की अख्ख्या वर्षाचं जगभरचं उत्पन्न रिटर्नवर येतं. तुमचा पुण्याचा नऊ महिन्यांचा पगार, बायकोचा अकरा महिन्यांचा, तिच्या एफडीचं व्याज, पीपीएफचं व्याज, तिने म्युच्युअल फंड विकले असतील तर त्यांचा नफा. सगळं. तिने इथे एक डॉलर कमावला नसला तरी.

पगारापुरता उपाय आहे. फॉर्म २५५५. सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात राहिलेल्या माणसाचा तिथला पगार वगळता येतो, २०२४ साठी कमाल १,२६,५०० डॉलर, वर्षातल्या पात्र दिवसांच्या प्रमाणात. हे बारा महिने कॅलेंडर वर्षाशी जुळायला लागत नाहीत. तुमचे २०२३ च्या सप्टेंबरपासून धरता येतील. पुण्यातला पगार डॉलरमध्ये ८३-८४ रुपयांच्या सरासरी दराने केला की तुम्ही दोघंही मर्यादेच्या कितीतरी आत बसाल.

व्याज आणि फंडांचा नफा मात्र यात वगळला जात नाही. तिथे भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट फॉर्म १११६ वर घ्यायचं.

तळेगावकरीण · १७ फेब्रुवारी

फॉर्म १६ वरून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर मे महिन्यात रडाल. फॉर्म १६ असतो एप्रिल ते मार्च. अमेरिकेला हवं जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे जानेवारी ते मार्च २०२४ एका फॉर्म १६ मधून आणि एप्रिलपासून पुढचं दुसऱ्यातून, तेही महिनावार. नोकरी सोडली की कंपनीच्या पोर्टलचं लॉगिन बंद होतं आणि मग पे-स्लिपसाठी एचआरच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. बायकोने नोव्हेंबरात सोडलीय म्हणता, तिचं लॉगिन चालू असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर दोघं बसा आणि बारा महिन्यांच्या स्लिपा उतरवून घ्या. बँकेची स्टेटमेंटसुद्धा.

चिंचपोकळी_ते_शार्लट · १७ फेब्रुवारी

+१. आणि भारतातलं रिटर्नही विसरू नका. तिकडे जॉइंट वगैरे काही नसतं, प्रत्येकाचा आयटीआर आपापला. पाहुणे, तुम्ही एप्रिल ते २३ सप्टेंबर भारतात होतात, म्हणजे १७६ दिवस. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला त्या वर्षी १८२ दिवसांची मर्यादा लागते, म्हणून २०२४-२५ साठी तुम्ही भारताच्या लेखी अनिवासी. इथल्या पगारावर तिकडे टॅक्स नाही. बायकोचे मात्र २६० च्या वर दिवस झाले, ती निवासी. डिसेंबरात तिचं नाव इथल्या बँक खात्यावर घातलं असेल तर तिच्या आयटीआरमध्ये परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्ये ते खातं दाखवावं लागेल.

एकाच घरात एकाच वर्षी नवरा अनिवासी, बायको निवासी, आणि अमेरिकेच्या रिटर्नवर दोघं रेसिडेंट. मजा आहे.

बे_एरियातला_बंड्या · १९ फेब्रुवारी

जरा वेगळा प्रश्न, पण धागा जॉइंटचाच आहे म्हणून इथेच. मी एल-वन (कंपनीने बदलीवर आणलेला), बायको एल-टू (जोडीदाराचा व्हिसा), दोघंही नोकरी करतो. एल-टूला २०२१ च्या नोव्हेंबरपासून वेगळं वर्क परमिट काढावं लागत नाही, त्यामुळे ती आल्याआल्या लागली. दोघांनीही डब्ल्यू-फोरवर (पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगायचा फॉर्म) 'मॅरीड फायलिंग जॉइंटली' निवडलंय. लोक म्हणतात एप्रिलमध्ये दणका बसतो. खरंय का?

हिशेबतपासनीस · १९ फेब्रुवारी

खरंय, आणि चांगलाच बसतो. आकडे बघा. दोघांना १ लाख १० हजार प्रत्येकी धरू. दोन्ही कंपन्यांचं पेरोल असं समजतं की या घरात हा एकच पगार आहे. प्रत्येक जण २९,२०० चं अख्खं डिडक्शन धरतो, दहा आणि बारा टक्क्यांचे जोडप्याचे अख्खे टप्पे वापरतो आणि वर्षाला ९,२३२ डॉलर कापतो. दोघांचे मिळून १८,४६४.

खरा हिशोब: २,२०,००० वजा २९,२०० म्हणजे १,९०,८००. त्यावर २०२४ च्या दरांनी टॅक्स ३२,०८२. तूट १३,६१८. वर कमी भरल्याचा दंड, फॉर्म २२१०.

डब्ल्यू-फोरवर दुसऱ्या पायरीत एक चौकोन आहे, 'दोनच नोकऱ्या असतील तर इथे खूण करा'. दोघांच्याही फॉर्मवर खूण करा. पगार साधारण सारखे असतील तर एवढ्याने काम भागतं. पगारात फार तफावत असेल तर आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) साइटवरचं कॅलक्युलेटर वापरा. आणि हे फेब्रुवारीत करा, नोव्हेंबरात करून काय उपयोग.

दोघांचे मिळून अडीच लाखांच्या वर जात असतील तर वरच्या रकमेवर ०.९ टक्के जादा मेडिकेअर टॅक्सही आहे. कंपनी तो एका माणसाचे दोन लाख ओलांडल्याशिवाय कापत नाही. दीड-दीड लाखवाल्या जोडप्याचा तो कोणीच कापत नाही, आणि रिटर्न भरताना दिसतो.

बे_एरियातला_बंड्या · १९ फेब्रुवारी

आमचा पगार साधारण तेवढाच आहे. आत्ता लॅपटॉप उघडून दोघांचे डब्ल्यू-फोर बदलले. काका, कॉफी लागू.

आडनावात_काय_आहे · २० फेब्रुवारी

नावांबद्दल कोणी बोललंच नाही, मराठी बायकांचा सगळ्यात मोठा घोळ तोच. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, मधे वडिलांचं नाव. लग्नाच्या दाखल्यावर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं नाव. एच-फोर ईएडी (काम करायचा परवाना) आल्यावर एसएसएन कार्ड पासपोर्टप्रमाणे निघालं. रिटर्नवर नवऱ्याने कौतुकाने सासरचं नाव टाइप केलं, ई-फाइल लगेच रिजेक्ट. एसएसएन कार्डवर जसं नाव आहे अगदी तसंच रिटर्नवर हवं. पहिल्या नावाच्या रकान्यात 'वैशाली दत्तात्रय' असं दोन्ही कोंबलेलं असेल तर कार्डावर काय छापलंय ते आधी बघा.

नाव बदलायचं असेल तर आधी सोशल सिक्युरिटी ऑफिसात बदला, मग रिटर्न.

ऑस्टिनच्या_वाटेवर · २० फेब्रुवारी

ज्यांना एसएसएन मिळत नाही त्यांच्यासाठी आयटिन, म्हणजे आयआरएसने फक्त टॅक्सपुरता दिलेला नंबर. त्यावर लिहितो, कारण या धाग्यात पाहुण्यांना तोच लागणार आहे.

एच-फोरवर ईएडी नसेल (आणि ईएडी फक्त नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावर वगैरे मिळतं, २०१५ पासून) तर बायकोचा फॉर्म डब्ल्यू-सेव्हन (आयटिनचा अर्ज) रिटर्नसोबत जोडायचा. कारणाच्या रकान्यात 'ई', म्हणजे अमेरिकन नागरिकाचा किंवा रेसिडेंटचा जोडीदार. 'जी' नाही. 'जी' नॉन-रेसिडेंटच्या जोडीदारासाठी आहे, आणि व्हिसाचा उल्लेख बघून लोक हमखास तिकडेच खूण करतात. रिटर्नवर बायकोच्या एसएसएनची जागा कोरी ठेवायची. हे सगळं कागदावर, ई-फाइल होत नाही. पाठवायचं टेक्सासमधल्या ऑस्टिनला, आयटिन विभागाकडे. रिटर्नच्या (फॉर्म १०४०) नेहमीच्या पत्त्यावर पाठवलंत तर भटकत बसेल.

पासपोर्ट मूळ पाठवावा लागतो, किंवा तो ज्यांनी दिला त्यांच्याकडून प्रमाणित प्रत. बायकोचा पासपोर्ट पोस्टात टाकून दोन-तीन महिने हातावर हात धरून बसायचं जिवावर येतं. त्यापेक्षा दोन रस्ते. आयआरएसच्या टॅक्सपेयर असिस्टन्स सेंटरमध्ये अपॉइंटमेंट घ्या, ते पासपोर्ट बघून तिथल्या तिथे परत देतात. किंवा आयआरएसची मान्यता असलेले सर्टिफाइंग अक्सेप्टन्स एजंट, ते फी घेतात. जानेवारी ते एप्रिलच्या गर्दीत आयटिनला ९ ते ११ आठवडे लागतात, एरवी सातेक. पाहुणे जूनमध्ये पाठवणार, त्यांना गर्दी टळेल.

आयटिन म्हणजे काम करायची परवानगी नव्हे, कोणी तसं सांगत असेल तर हात जोडा. पुढे एसएसएन मिळाला की आयटिन वापरायचा नाही. आयआरएसला पत्र लिहून दोन्ही नंबरांचे रेकॉर्ड एकत्र करून घ्यायचे.

तळेगावकरीण · २० फेब्रुवारी

आयटिनवरून २०२० आठवलं. कोविडच्या सरकारी मदतीच्या पहिल्या चेकच्या वेळी ज्या जोडप्यांनी जॉइंट भरलं होतं आणि एकाचाच एसएसएन होता, त्या दोघांनाही बाराशे डॉलर नाकारले होते. नवऱ्याचा एसएसएन, त्याने पै-पै टॅक्स भरलेला, तरी बायकोच्या आयटिनमुळे शून्य. वेगळं भरणाऱ्याला मिळाले. डिसेंबरात नवा कायदा करून ते दुरुस्त केलं. पण तोवर आमच्या ग्रुपवर अर्ध्या बायका 'माझ्यामुळे' म्हणून मनाला लावून घेत होत्या.

रुक्मिणी_डॅलस · २२ फेब्रुवारी

सगळी चर्चा 'किती वाचतं' यावर चाललीय. एक बाजू राहिलीय ती मांडते.

जॉइंट रिटर्नवर सही केली की त्या रिटर्नवरच्या सगळ्या टॅक्सला दोघंही पूर्ण जबाबदार. अर्धे अर्धे नाही, प्रत्येक जण पूर्ण. उद्या घटस्फोट झाला तरी. नवऱ्याने खोटे खर्च दाखवले, क्रिप्टो लपवलं, तर वसुलीची नोटीस बायकोलाही येऊ शकते. 'मला माहीतच नव्हतं' हे सिद्ध करायला फॉर्म ८८५७ आहे, पण ते सिद्ध करणं तिच्याच माथी.

इथे येणाऱ्या कितीतरी एच-फोर मुली 'इथे सही कर' म्हटलं की करतात. पुण्यात ज्या स्वतःचा आयटीआर स्वतः भरायच्या, त्याच. सही करायच्या आधी पूर्ण १०४० वाचा, प्रत स्वतःच्या ईमेलवर ठेवा, आयआरएसच्या साइटवर स्वतःचं खातं उघडा. पाहुण्यांवर संशय नाही, गैरसमज नको. पाहुण्यांच्या पत्नीने हा धागा वाचावा एवढंच.

उंटावरचा_शहाणा · २२ फेब्रुवारी

ताई, मग वेगळं वेगळं भरलं की झालं. तुझं तुला, माझं मला.

रुक्मिणी_डॅलस · २२ फेब्रुवारी

टेक्सासमध्ये ते इतकं सरळ नाही. टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना, वॉशिंग्टन अशी नऊ राज्यं 'कम्युनिटी प्रॉपर्टी'ची आहेत. लग्नानंतरची कमाई दोघांची. वेगळं भरायचं म्हटलं तरी साधारणपणे नवऱ्याच्या पगाराचा अर्धा बायकोच्या रिटर्नवर आणि तिचा अर्धा त्याच्या रिटर्नवर, फॉर्म ८९५८ जोडून. शिवाय वेगळं भरताना एकाने खर्च तपशीलवार धरले तर दुसऱ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, स्टुडंट लोनच्या व्याजाची वजावट जाते, एकत्र राहत असाल तर रॉथ आयआरएची (निवृत्तीसाठीचं बचत खातं) मर्यादा दहा हजार उत्पन्नावरच संपते.

वेगळं भरूच नये असं माझं म्हणणं नाही. काही बायकांसाठी तेच शहाणपणाचं असतं, तीन हजार गेले तरी.

हिशेबतपासनीस · २२ फेब्रुवारी

रुक्मिणीताईंशी सहमत, एक जोड देतो. वेगळं भरून नंतर तीन वर्षांत जॉइंट करता येतं. जॉइंट भरून मुदत उलटली की वेगळं करता येत नाही. शंका असेल तर कुठल्या बाजूने सुरुवात करायची ते यावरून ठरवा.

गंमत म्हणून: ही कम्युनिटी प्रॉपर्टीवाली राज्यंच एका अर्थी जॉइंट रिटर्नच्या मुळाशी आहेत. १९३० च्या पो विरुद्ध सीबॉर्न खटल्यात सुप्रीम कोर्टाने वॉशिंग्टन राज्यातल्या जोडप्याला उत्पन्न अर्धं-अर्धं वाटून टॅक्स भरू दिला. मग बाकीच्या राज्यांतली जोडपी ओरडू लागली, आणि १९४८ मध्ये काँग्रेसने ही वाटणी देशभर सगळ्यांनाच जॉइंट रिटर्नवर देऊन टाकली. आपण भारतातून येऊन त्याचा फायदा घेतो.

मुलुंडचा_मन्या · २५ फेब्रुवारी

माझी बायको एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसा) ओपीटी (शिक्षणानंतरची तात्पुरती नोकरी) करतेय, २०२२ च्या ऑगस्टला आली. मी एच-वन, रेसिडेंट. विद्यार्थी व्हिसावर पाच वर्षं दिवस मोजत नाहीत म्हणून ती नॉन-रेसिडेंट, त्यामुळे तिच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापत नाहीत. जॉइंट भरलं तर ती सवलत जाईल का? तिची कंपनी घाबरवतेय.

हिशेबतपासनीस · २५ फेब्रुवारी

नाही. ६०१३-जी ची निवड इन्कम टॅक्सपुरती असते. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी ती अजूनही नॉन-रेसिडेंटच. पब्लिकेशन ५१९ मध्ये स्पष्ट लिहिलंय, ते पान कंपनीला पाठवा.

तुमची एच-वनवरची कपात मात्र होत राहणार. भारत-अमेरिकेत त्याबाबत करार नाही, त्यामुळे परत जाणाऱ्यांचा त्यावर जीव जळतो. तो वेगळा विषय, वेगळा धागा.

चिंचपोकळी_ते_शार्लट · २७ फेब्रुवारी

रेसिडेंट झालात की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचं विवरण. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही, एक दिवस का होईना, दहा हजार डॉलरच्या वर गेली की फॉर्म ११४. तो रिटर्नसोबत जात नाही, वेगळ्या साइटवर भरायचा.

लोक स्वतःची खाती धरतात आणि आईसोबतचं खातं विसरतात. बाबा गेल्यावर आईच्या पेन्शनच्या खात्यावर सोयीसाठी आपलं नाव घातलेलं असतं, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. पैसा तिचा, पण नाव तुमचं, त्यामुळे त्यातली अख्खी रक्कम तुमच्या एफबारवर. सरेंडर व्हॅल्यू असलेली एलआयसीची पॉलिसीही धरा. एनआरई (अनिवासींच्या) खात्याचं व्याज भारतात करमुक्त, इथे नाही. पीपीएफचंही तेच.

२०२३ मध्ये बिटनर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हेतू नसताना चुकलेल्या एफबारचा दंड दर फॉर्ममागे, दर खात्यामागे नाही. आपल्यासारख्या प्रत्येक बँकेत एक एफडी ठेवणाऱ्यांना तो निकाल फार जवळचा.

पेठेतला_पाहुणा · २७ फेब्रुवारी

बायकोच्या एसआयपी आहेत, चार फंडांत. त्या विकाव्यात का?

हिशेबतपासनीस · २८ फेब्रुवारी

विकायच्या की नाही ते मी सांगणार नाही, पण काय होतं ते सांगतो. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या लेखी पीफिक, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी. दर फंडासाठी फॉर्म ८६२१, आणि नफ्यावर टॅक्सची पद्धत मुद्दाम जाचक केलेली. वर्षअखेरीला सगळ्या फंडांची मिळून किंमत जॉइंट रिटर्नवर ५० हजार डॉलरच्या आत असेल आणि त्या वर्षी विक्रीत नफा किंवा मोठं वाटप नसेल तर फॉर्म भरावा लागत नाही. नफ्यात विकलंत की ही सूट गेली.

२०२४ मध्ये तिने नफ्यात काही विकलं असेल तर जॉइंटच्या तीन हजारांतून आधी हे वजा करून बघा. एक-दोन फंड असतील तर ठीक. पंधरा फंड असतील तर १०४०-एनआर भरून झोपा, असं मी माझ्या मेहुण्याला सांगितलं असतं. २०२५ पासून तर तसंही ती दिवसांच्या हिशोबाने रेसिडेंट होणार, तेव्हा एसआयपी पुढे चालू ठेवायची का, हा खरा प्रश्न. नवीन हप्ते तरी आता थांबवा.

तळेगावकरीण · १ मार्च

एजंटांवरून: रिफंडच्या टक्केवारीवर फी मागणारा, किंवा रिटर्नवर स्वतःची सही आणि पीटीआयएन (आयआरएसने दिलेला एजंटचा नंबर) न टाकणारा असेल तर उठून या. एच-वनवाल्यांना प्रवासखर्च, लॅपटॉप, घरभाडं असले 'नोकरीचे खर्च' वजा करून देतो म्हणणारे अजून फिरतायत. ती वजावट २०१८ पासून फेडरलमध्ये नाहीच.

पेठेतला_पाहुणा · ८ जून २०२५

धागा वर काढतोय, कारण मार्चपासून तीन जणांनी 'पुढे काय झालं' म्हणून संपर्क केला.

४८६८ मार्चमध्येच ऑनलाइन भरला. बाकी टॅक्स शून्य दाखवला, कारण कापलेला पैसा १०४०-एनआरच्या हिशोबापेक्षाही जास्त होता. ३० मे उलटला. बायकोने २०२४ मध्ये एकही युनिट विकलेलं नाही आणि चारही फंड मिळून किंमत मर्यादेच्या बरीच आत आहे, म्हणून जॉइंटच ठरवलं. रुक्मिणीताई, तिने धागा पूर्ण वाचला आणि रिटर्नही. माझ्या २५५५ वर पगाराच्या रकमेत मी बोनस धरला नव्हता, तो तिनेच पकडला.

दोन्ही निवेदनं, डब्ल्यू-सेव्हन, दोन २५५५, एफडीच्या व्याजासाठी १११६, असा गठ्ठा झालाय. पासपोर्ट दाखवायची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. त्यांनी सांगितलं, रिटर्न पूर्ण सह्यांसकट घेऊन या.

एकच शंका उरलीय. न्यू जर्सीला मी वेगळी मुदतवाढ मागितली नव्हती. गोत्यात आलो का?

ऑस्टिनच्या_वाटेवर · ८ जून

फेडरलची मुदतवाढ न्यू जर्सी मानते, पण १५ एप्रिलपर्यंत राज्याचा किमान ८० टक्के टॅक्स भरलेला हवा. पगारातून कापलेला त्यात धरतात. डब्ल्यू-टूवर (कंपनीचं वर्षाचं पगारपत्रक) राज्याची कपात बघा, तुमचं बहुतेक भागलेलं असेल. अर्धवट वर्षाचे रहिवासी म्हणून भरा, आणि ४८६८ ची प्रत जोडायला विसरू नका.

मुलुंडचा_मन्या · ९ जून

पाहुणे, निवेदनांचा मसुदा नावं काढून इथे टाकाल का? मलाही ६०१३-जी वालं लागणार आहे.

पेठेतला_पाहुणा · ९ जून

टाकतो. "आम्ही खाली सही करणारे पती-पत्नी जाहीर करतो की ३१ डिसेंबर २०२४ रोजी आमच्यापैकी एक जण अमेरिकेचा रेसिडेंट व दुसरा नॉन-रेसिडेंट होता, आणि आम्ही दोघंही संपूर्ण वर्षासाठी रेसिडेंट धरले जाण्याची निवड करतो." खाली दोघांची नावं, पत्ता, नंबर (तिच्यापुढे 'अर्ज केला आहे') आणि दोघांच्या सह्या. इंग्रजीत अर्थातच. फर्स्ट इयरवाल्यात आदल्या वर्षी रेसिडेंट नव्हतो, सलग ३१ दिवसांची सुरुवात-शेवट, वर्षअखेरपर्यंतचे दिवस आणि २०२५ मधले दिवस, हे सगळं लिहावं लागतं. ते लांबलचक आहे, रात्री टंकून टाकतो. तुम्हाला तसंही ते लागणार नाही, तुम्ही आधीच रेसिडेंट आहात.